पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत!

तालुक्याच्या गावात मी बारावीला गणित शिकवते. सीईटीचा निकाल लागला, की मुलींच्या आधी त्यांच्या आयांचे फोन येतात. एक खुशीत असते, "बाई, पंच्याऐंशी पडले!" दुसरी रडवेली, "बारावीला ऐंशी टक्के आणि इथे सत्तरच? नाक कापलं हो पोरीनं." दोघींनाही मी एकच सांगते, हे टक्के नाहीतच मुळी.

2018 पर्यंत इंजिनीअरिंगची सीईटी कागदावर व्हायची. 200 पैकी किती पडले, ते सरळ कळायचं. 2019 पासून परीक्षा कॉम्प्युटरवर आली. लाखो मुलं एकाच वेळी बसवता येत नाहीत, म्हणून बरेच दिवस सकाळ-दुपार परीक्षा चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कुणाला सोपा, कुणाला अवघड. मग तुलना करायची कशी? म्हणून पर्सेंटाइल आले.

समजा, तुमच्या मुलीच्या सत्राला 10,000 मुलं बसली. तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण 8,500 जणांना पडले (त्यात तीही आलीच), तर तिचे पर्सेंटाइल 85. म्हणजे ती रांगेत कुठे उभी आहे, ते हा आकडा सांगतो. अवघड पेपरला 110 गुण आणि सोप्याला 125, तरी दोघींचे पर्सेंटाइल सारखे असू शकतात. आणि हो, तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल मिळवून तिनाने भागत बसू नका. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून वेगळे काढतात.

कॉलेज काय बघतं?

'कॅप' म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. तिच्यात पर्सेंटाइलवरून राज्याची गुणवत्ता यादी लागते आणि तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमानुसार जागा मिळते. बारावीला खुल्या गटात तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के आणि मागासवर्गीयांना 40 टक्के लागतात, पण क्रमांक ठरतो तो सीईटीवर.

आता कट-ऑफ. ही काही कॉलेजनं आधी ठरवलेली पास होण्याची रेषा नव्हे. त्या फेरीत, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश ज्याला मिळाला, त्याचे ते पर्सेंटाइल. दरवर्षी ते वर-खाली होतं. त्यामुळे मागच्या वर्षीच्या आकड्याला आपली मुलगी थोडी कमी पडली, तरी ते कॉलेज यादीतून खोडू नका.

मैत्रिणींनो, ही यादी वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. प्रवर्गाच्या सांकेतिक नावातलं पहिलं अक्षर बघा. 'जी' म्हणजे सर्वसाधारण आणि 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. 'एल'चा कट-ऑफ बरेचदा खाली असतो. शेजारच्या मुलाला जिथे नाही मिळालं, तिथे तुमच्या मुलीला मिळू शकतं.

एजंटाची घाई

निकालानंतर घरी माणसं येतात. "एवढ्यावर काही मिळणार नाही ताई, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवा." घाबरून दागिने मोडलेले मी पाहिले आहेत. आणि नाहीतर मग, "राहू दे, बी.ए. कर," असं म्हणून पोरीचा विषयच संपवला जातो.

इथेच हिशेब नीट करा. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, की ही माफी गेली!

म्हणून कॅपच्या फेऱ्या होईपर्यंत कुणालाही पैसे देऊ नका. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. तलाठी कार्यालयात आणि सेतूत ऐनवेळी रांगा लागतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलीसोबत बसून वाचा. मागच्या वर्षीच्या 'एल'च्या आकड्यांवरून वहीत तीन रकाने आखा: आवडीची पण अवघड, मिळण्यासारखी आणि नक्की मिळणारी. फॉर्म भरताना मात्र क्रम आवडीचाच ठेवा. आणि हो, पेन मुलीच्या हातात द्या.