नाशिकची पक्कड, रत्नागिरीची कानस

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस, कनाकिया परिसरात बेव्हर्ली पार्क ही निवासी वसाहत आहे. मिठागरे, खाजण आणि भातखाचरे यांच्या या पट्ट्यात गेल्या काही दशकांत इमारती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक इमारतीबरोबर दुरुस्तीचे कधीही न संपणारे काम आले. गळका नळ, जळालेले बटण, फुगलेला दरवाजा, गंजलेली जाळी आणि पावसाळ्यापूर्वीची गच्ची यांवर कितीएक वायरमन, प्लंबर, सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेशनवाले यांचे पोट चालते. या कारागिरांच्या धंद्याची एक बाजू सहसा नोंदली जात नाही, ती म्हणजे माल घरमालक किंवा ठेकेदार आणून देतो, पण हत्यार बहुधा कारागिराचे स्वतःचे असते. पक्कड घसरली, पान्याचे तोंड फाकले किंवा करवतीचे पाते मधेच तुटले, तर त्याची भरपाई कोणी देत नाही, आणि मोडलेल्या हत्यारापायी बुडालेली मजुरीही परत मिळत नाही. म्हणूनच देशात तयार झालेली हत्यारे घ्यावीत की नाही, हा प्रश्न येथे देशाभिमानाच्या आधी रोजीरोटीचा आहे.

अशा वसाहतीतील हार्डवेअरच्या दुकानात माल येतो तो मुख्यतः दक्षिण मुंबईच्या घाऊक बाजारातून. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ ही नावे मुंबईच्या कारागिरांना तोंडपाठ असतात. त्या मालाचे मूळ शोधू गेल्यास देशाचा एक वेगळाच नकाशा हाती येतो. पकडी, पाने आणि पेचकस यांचा मोठा वाटा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील तापडिया टूल्स या कंपनीचा असतो. तिने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या तंत्रसाहाय्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले. धातू घासण्याच्या कानशी येतात त्या रेमंड समूहाच्या जे. के. फाइल्सच्या, आणि त्यांचे कारखाने रत्नागिरी व चिपळूण येथे आहेत. मोजपट्ट्या व पाने लुधियाना आणि जालंधरहून, हातोड्या व सांडश्या राजस्थानातील नागौरहून, तर चामडी हातमोजे कोलकात्याहून येतात. जालंधरच्या या धंद्याला फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी बळ दिले, आणि पुढे तेथेच केंद्रीय हातहत्यार संस्था स्थापन झाली. एवढा पसारा असूनही जागतिक बाजारात भारताचा वाटा फार लहान आहे. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगाच्या हातहत्यारांच्या व्यापारात चीनचा वाटा सुमारे ५० टक्के, तर भारताचा सुमारे १.८ टक्के आहे, आणि भारतीय उत्पादकाला चिनी उत्पादकाच्या तुलनेत १४ ते १७ टक्के अधिक खर्च येतो. दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी टांगलेल्या दोन पकडींच्या किमतीत जो फरक दिसतो, त्याचा काही भाग या खर्चातून येतो. उरलेला मात्र पोलादातून येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हा न दिसणारा भाग समजण्यासाठी पक्कड कशी घडते हे पाहणे आवश्यक आहे. साधी पक्कड ही खरे तर एकाच सांध्याभोवती जमवलेली चार हत्यारे असतात : टोकाशी दातेरी सपाट जबडा, ज्याने तार धरून पिळता येते, त्यामागे अंडाकृती दातेरी खाच, जिच्यात गोल नळी किंवा नट बसतो, तिच्यामागे तार कापणारी धार, आणि सांध्याच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक खाच, जिच्यात जाड तार घालून मुठी आवळल्या की ती कातरली जाते. ही पक्कड साधारणपणे १६५, १८५ आणि २१० मिलिमीटर लांबीची मिळते, आणि कारागीर तिला अजूनही सहा, सात व आठ इंची म्हणूनच मागतात. तिचे दोन अर्धे भाग मध्यम कार्बनच्या, म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन असलेल्या पोलादाच्या कांबीपासून वेगवेगळे घडवले जातात. कांबीचा तुकडा ११०० ते १२०० अंश सेल्सियसपर्यंत लालभडक तापवून दोन अर्ध-साच्यांच्या मध्ये ठेवतात आणि त्यावर वरून जड घण आदळतो. या पद्धतीला साच्यातील घडाई, म्हणजेच ड्रॉप फोर्जिंग म्हणतात. साच्याच्या फटीतून बाहेर आलेली धातूची पातळ कड छाटून टाकली जाते, सांध्याची बैठक व दाते यंत्रावर कापले जातात आणि मग रिव्हेट ठोकून दोन्ही अर्धे जोडले जातात. ओतीव धातूच्या मानाने घडीव पोलादाला अधिक बळ असते, कारण आघाताने त्याच्या आतील कण हत्याराच्या आकाराला धरून दाबले जातात, आणि जोर पडल्यावर ते मधेच भेगाळत नाही.

खरी परीक्षा यानंतर असते. घडलेले पोलाद साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केले की ते अत्यंत कठीण होते, पण तितकेच ठिसूळही होते; ग्रामीण लोहार याला पोलादाला पाणी पाजणे म्हणतो. मग ते कमी तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात, आणि या दुसऱ्या पायरीला टेम्परिंग असे म्हणतात. पकडीच्या बाबतीत एवढ्यावरही भागत नाही, कारण मुठींना थोडी लवचीकता हवी असते आणि धारेला मात्र कडकपणा हवा असतो. त्यामुळे केवळ धारेचा भाग विजेच्या वेटोळ्यात क्षणभर तापवून वेगळा कडक केला जातो. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल सी पद्धतीत हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने धातूत दाबून खळगा किती खोल गेला ते पाहतात. चांगल्या पकडीची धार या मोजणीत साधारण ५५ ते ६० भरते, तर तिचे उरलेले अंग बरेच खाली असते. स्वस्त पकडीत नेमकी हीच पायरी गाळली जाते किंवा घाईत उरकली जाते, आणि वरचा क्रोमचा मुलामा दोष झाकतो. विकत घेणाऱ्याला मुलामाच दिसतो. बेव्हर्ली पार्कसारख्या खाडीकाठच्या, खाऱ्या आणि दमट हवेच्या वसाहतीत पातळ मुलामा एखाद्या पावसाळ्यातच सुटू लागतो, सांधा गंजतो, आणि मग पक्कड एका हाताने उघडतच नाही.

दुकानात उभे राहून एवढी तपासणी करता येत नाही हे खरे, तरी काही गोष्टी हातानेच समजतात. पक्कड मिटून उजेडासमोर धरल्यास कापणाऱ्या धारांमधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. मुठी एका हाताने सहज उघडाव्यात, पण जबडा डावी-उजवीकडे हलू नये. आणि साध्या जी.आय. तारेचा तुकडा कापून पाहिल्यावर धारेवर दातरा उमटू नये. याहून मोठा पुरावा मात्र हत्याराच्या अंगावर आणि वेष्टनावर छापलेला असतो. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८६ च्या कायद्याने तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले; पकडींसाठी आय.एस. ३६५०, हातोड्यांसाठी आय.एस. ८४१, पेचकसांसाठी आय.एस. ८४४ ही मानके या रूपांतराच्याही आधीपासून चालत आली आहेत. वेष्टनाविषयीच्या २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात मालाच्या बाबतीत मूळ देश छापणे बंधनकारक आहे. येथे वाचकाने एक फरक नीट ध्यानात ठेवावा : वेष्टनावर भारतीय ब्रँड असला आणि ‘विपणन’ किंवा ‘आयात’ यांपुढे भारतातील पत्ता असला, तरी हत्यार भारतात घडले असेलच असे नाही, ‘उत्पादक’ हा शब्द आणि त्यापुढील पत्ता पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. नामांकित ब्रँडच्या बनावट नकलाही बाजारात असतात, म्हणून बिल मागणारा ग्राहक हाच अशा मालाला अडवणारा पहिला माणूस ठरतो.

देशी हत्यार चांगलेच असते, असा दावा येथे करायचा नाही. ज्या जालंधरहून युरोपला निर्यात होण्याजोगे पाने जातात, तेथूनच रस्त्यावर ढिगाने विकले जाणारे पानेही येतात. देशी हत्याराचा खरा फायदा वेगळा आहे : त्याचा उत्पादक हाताशी आहे, त्याला नाव आणि पत्ता आहे, त्याच्यावर मानकाचे बंधन घालता येते, आणि सुटा भाग मागता येतो. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतनात शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात केली, आणि औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा दिल्यावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. विलायती नांगराशी स्पर्धा करताना त्यांना शेतकऱ्यांची समजूत घालावी लागली, कारण लोखंडाने जमीन खराब होते ही भीती प्रचलित होती. नांगराचा फाळ झिजणारच, आणि झिजलेल्या फाळाला बदली फाळ चार कोसांवर मिळणे ही गोष्ट परदेशातून येणाऱ्या उत्तम नांगरालाही देता येत नव्हती. हातोडीच्या दांड्याची, हॅक्सॉच्या पात्याची आणि करवतीच्या धारेची गोष्ट आजही हीच आहे.

देशी हत्यारांच्या या नकाशात घिसाडी लोहारांचे स्थान विसरून चालणार नाही. महाराष्ट्रातील हा भटका समाज ऐरण, भाता आणि घण घेऊन रस्त्याकडेला बिऱ्हाड मांडतो आणि मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांच्या पोलादातून विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवतो. बहुतेक वेळा पती तापलेला तुकडा सांडशीने धरतो आणि पत्नी घण घालते, आणि पोलादाला पाणी पाजण्याचा क्षण तापमापकाशिवाय, केवळ लोखंडाच्या बदलत्या रंगावरून ओळखला जातो. कमानपाट्याचे पोलाद मुळातच चांगल्या प्रतीचे असते, त्यामुळे त्यापासून घडलेला कोयता अनेक कारखानी कोयत्यांपेक्षा अधिक टिकतो. तरीही त्यावर ना मानकाचा क्रमांक असतो ना उत्पादकाचे नाव. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, गवंडी आणि हातोडा व हत्यार संच बनवणारे असे अठरा व्यवसाय येतात, आणि मूलभूत प्रशिक्षणाच्या सुरुवातीला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. या रकमेतून घेतलेले हत्यार कोठे घडले, हे पाहिले गेले तर एका कारागिराला मिळालेली मदत दुसऱ्या कारागिरापर्यंत पोहोचू शकेल.

विजेच्या कामाची हत्यारे हा या विषयातला सर्वांत गंभीर भाग आहे, आणि येथे गैरसमज जिवावर बेततो. पकडीच्या मुठींवरील रंगीत प्लॅस्टिकचे आवरण पाहून ती ‘शॉकप्रूफ’ आहे असे अनेकदा मानले जाते. वस्तुतः साध्या पकडीचे आवरण हाताला पकड देण्यासाठी असते, विजेपासून संरक्षणासाठी नसते. चालू वीजवाहिनीवर काम करण्यास योग्य हत्यार आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनते, प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासला जातो, आणि त्यावर दोन त्रिकोणांचे चिन्ह व १००० व्होल्ट ही मर्यादा कोरलेली असते. घराघरांतील २३० व्होल्टचा प्रवाहही माणूस मारायला पुरेसा असतो, त्यामुळे वायरमनने एकच महागडे हत्यार घ्यायचे ठरवले तर ते हे असावे, आणि मेन स्विच बंद करण्याची सवय त्याहूनही आधी असावी.

संरक्षक साधनांची स्थिती याहून विदारक आहे. औद्योगिक शिरस्त्राणासाठी आय.एस. २९२५ आणि सुरक्षा बुटांसाठी आय.एस. १५२९८ ही मानके आहेत. बुटाच्या टोकातील कवचाला २०० जूल आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यावरही बोटे चिरडू नयेत. असे बूट देशातच बनतात, आणि त्यांची किंमत नाक्यावर काम शोधणाऱ्या कामगाराच्या एका-दोन दिवसांच्या मजुरीएवढी किंवा अधिक असते. म्हणून तो स्लिपर घालूनच गच्चीवर चढतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली स्थापन झालेले महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ, वर्षभरात किमान ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच देते. ही व्यवस्था स्तुत्य आहे, परंतु मीरा-भाईंदरमधील सुट्या कामांवर रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या कामगाराला त्या ९० दिवसांचा दाखला गोळा करणे कठीण जाते. त्यातही घमेली वाहणाऱ्या स्त्रियांच्या पायांच्या मापाचे सुरक्षा बूट हार्डवेअरच्या दुकानात सहसा ठेवलेलेच नसतात. आग्रा, कानपूर किंवा तामिळनाडूतील उत्पादकांना छोट्या मापाचा साचा काढणे अवघड नाही, मागणी नोंदवणारा घाऊक खरेदीदार मात्र हवा, आणि तो होण्याची ताकद कल्याणकारी मंडळाकडेच आहे.