फर्स्ट कॉपी क्रोनोग्राफची काच

वेळ दाखवता दाखवता मधला कालावधीही मोजणाऱ्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. मोठ्या तबकडीवर दोन-तीन लहान तबकड्या, चावीच्या वर आणि खाली एकेक बटण, मधोमध लांब सडपातळ सेकंदकाटा, अशी त्याची ठेवण असते. नामांकित स्विस कंपन्यांचे असे घड्याळ लाखांच्या घरात जाते. त्याच तोंडवळ्याची ‘फर्स्ट कॉपी’ काही हजारांत, कधी हजाराच्या आतही मिळते. आत बहुधा सेलवर चालणारे क्वार्ट्झ मशीन असते. बऱ्या कॉपीतल्या लहान तबकड्या खरोखर मिनिटे आणि तास मोजतात, साध्या कॉपीत त्या वार-तारीख दाखवतात, आणि अगदी स्वस्त मालात काटे तबकडीला नुसते चिकटवलेले असतात. अशा घड्याळाला मूळ कंपनीचे सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. चौकातला घड्याळवाला सेल आणि पट्टा बदलून देतो, पण नेमक्या मापाची काच त्याच्याकडे असेलच असे नाही. त्यामुळे काच खराब झाली की पुष्कळदा काम मालकाच्याच हातात येते. ते जमण्यासारखे आहे, मात्र घाईचे नाही.

कायद्याचा मुद्दा इथेच उरकून घेतलेला बरा. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे आणि त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नवी काच बसवून चकचकीत केलेली कॉपी ‘ओरिजिनल’ म्हणून पुढे विकणे ही तर सरळ फसवणूक ठरते. इथे विचार केला आहे तो आपल्या मनगटावरच राहणाऱ्या घड्याळाचा.

घड्याळ विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात वापरले जात असेल, तर काचेवर ओरखडे का पडतात, याचे उत्तर तिथल्या मातीतच सापडते. १८१२ मध्ये फ्रीडरिश मोज यांनी खनिजांच्या कठीणपणाची जी मापपट्टी मांडली, तिच्यावर साधी काच साडेपाचच्या आसपास येते. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टच्या काळ्या दगडावर आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीवर वसला आहे. बेसाल्टमधली फेल्स्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे पाच ते साडेसहाच्या दरम्यानची, म्हणजे काचेच्या तोडीस तोड असतात. पूर्वेला वणीकडे गेले की कोळशाच्या थरांसोबत वालुकाश्म लागतो. त्यात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा सात. नदीच्या वाळूतही तेच कण. वाळूच्या ट्रकमागून दुचाकीवर जाताना काचेवर बसलेली धूळ शर्टाच्या बाहीने पुसली की घासकाम आपोआप होते. घड्याळ आपटल्याने काच तडकते. धूसर होते ती अशा रोजच्या पुसण्याने.

घड्याळाच्या काचा तीन जातींच्या असतात आणि उपाय जातीवर ठरतो. पहिली अॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. नखाने टिचकी मारली तर तिचा आवाज बोदा येतो आणि हाताला ती कोमट लागते. एचएमटीच्या ‘जनता’सारख्या चावीच्या जुन्या घड्याळांना हीच काच होती. तिच्यावर ओरखडे चटकन पडतात, पण ती फुटून तुकडे उडत नाहीत. नासाने १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी मान्य केलेल्या ओमेगा स्पीडमास्टर या क्रोनोग्राफवरही अॅक्रिलिकच होते. दुसरी मिनरल ग्लास, म्हणजे कडक केलेली साधी काच. बाजारातल्या बहुसंख्य कॉपींवर ती असते. तिसरी सफायर, प्रयोगशाळेत वाढवलेला नीलमणी. ऑगस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. माणिक आणि नीलमणी दोन्ही एकाच खनिजाची रूपे असल्याने पुढे पारदर्शक सफायरही याच वाटेने आला. मोजच्या पट्टीवर त्याचा आकडा नऊ आहे, त्यामुळे विदर्भातली कोणतीही धूळ त्याचे काही बिघडवू शकत नाही. कॉपीच्या डबीवर ‘सफायर’ असे छापलेले असले तरी त्यावर विश्वास ठेवायचे कारण नाही. सफायर उष्णता झपाट्याने वाहून नेतो, म्हणून ओठांना किंवा गालाला लावल्यावर तो साध्या काचेपेक्षा स्पष्टपणे गार लागतो. घरबसल्या करता येणारी ही त्यातल्या त्यात बरी परीक्षा.

अॅक्रिलिकवरचे बारीक ओरखडे काच न बदलता निघतात. आधी काच ओल्या कपड्याने टिपून धुळीचे कण काढावेत, मग पांढरी साधी टूथपेस्ट (जेल चालत नाही) किंवा अॅक्रिलिकसाठी मिळणारे पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन गोल गोल घासावे. ओरखडा नखाला लागण्याइतका खोल असेल तर आधी १००० आणि नंतर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवावा. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अॅसिटोन अॅक्रिलिकला विरघळवते आणि स्पिरिटनेही त्यात बारीक भेगा पडू शकतात, तेव्हा ते दोन्ही दूर ठेवावेत. मिनरल ग्लासवर टूथपेस्टचा काहीही परिणाम होत नाही. ती सिरियम ऑक्साइडने घासता येते, पण तासन्‌तास घासूनही खोल रेघ उरतेच. नवी काच स्वस्त पडत असताना हा खटाटोप कशाला करायचा, असेच म्हणावे लागते.

काच बदलायची ठरली की पहिले काम मापाचे. डिजिटल कॅलिपरने जुन्या काचेचा व्यास दशांश मिलिमीटरपर्यंत मोजावा आणि जाडीही घ्यावी. १, १.२, १.५ आणि २ मिलिमीटर या जाड्या सर्रास मिळतात. काच फुटून गेली असेल तर केसमधल्या खाचेचा आतला व्यास मोजून त्यातून नायलॉनच्या रिंगेची दोन्ही बाजूंची जाडी वजा करावी. क्रोनोग्राफमध्ये इथे एक अडचण येते.  त्याचा मधला लांब काटा तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्या वर, काचेच्या अगदी जवळ फिरतो. मूळ काच फुगीर असताना सपाट बसवली, किंवा जाड काच आतल्या अंगाला खाली उतरली, की तो काटा काचेला घासतो, अडखळतो आणि वेळ मोजायचे बटण दाबूनही जागचा हलत नाही. म्हणून व्यासाइतकेच फुगवट्याकडेही लक्ष द्यावे लागते.

काम कोणत्या दिवशी करायचे याला घड्याळाच्या कामात सहसा महत्त्व दिले जात नाही, यवतमाळात मात्र द्यावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घड्याळाची केस बंद केली की ती हवा आतच अडकते. पुढे पावसाचे थेंब पडून काच गार झाली की तीच वाफ काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी जमते, कारण घड्याळात सगळ्यात आधी गार होते ती काच. दिवाळीनंतरचा कोरडा काळ त्यामानाने चांगला, पण तेव्हा कापसाचा हंगाम असतो. जिनिंग कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हवेतल्या कापसाच्या तंतूंचा अनुभव आहेच. असा एक तंतू तबकडीवर बसला तर काचेतून दोरखंडाएवढा दिसतो. पंखा बंद, खिडकी बंद, टेबलावर पांढरा गुळगुळीत कागद आणि बोटांना रबरी टोप्या, एवढी तयारी पुरते.

सुरुवात पट्टा काढून करावी. मागचे झाकण तीन प्रकारे बसवलेले असते. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला बारीक खाच असते, तिथे पातळ पाते घालून ते उचलतात. आट्यांचे झाकण तीन टोकांच्या पान्याने फिरते, आणि काही कॉपींत चार बारीक स्क्रू असतात. झाकणाखालची रबरी रिंग ताणू नये, ती तशीच बाजूला ठेवावी. मशीन केसबाहेर यायला आधी चावीचा दांडा निघावा लागतो. मशीनवर दांड्याच्या मुळाशी एक बारीक खळगा किंवा बाणाची खूण दिसते. ती बोथट सुईने अगदी हलके दाबून चावी सरळ ओढायची. मात्र दाबताना चावी आत असावी की एक खटका बाहेर, हे प्रत्येक मशीनमध्ये सारखे नसते. मशीनवरचा क्रमांक पाहून निर्मात्याचा तक्ता शोधावा. मियोताचे ओएस १० किंवा सेइकोच्या व्हीके मालिकेतली मशीन कॉपींत वरचेवर आढळतात आणि त्यांची कागदपत्रे सहज मिळतात. मियोता हा जपानच्या सिटिझन कंपनीचाच विभाग.  वर-खालच्या बटणांना मात्र हात लावायचे काम नाही. ती केसमध्येच राहतात आणि बाहेरून मशीनच्या पट्ट्यांना फक्त ढकलतात.

केस तळहातावर उलटी करून मशीन तबकडीसकट अलगद बाहेर घ्यावे आणि लगेच स्वच्छ पेल्याखाली झाकावे. पुष्कळ कॉपींत तबकडीभोवती मिनिटांच्या खुणांची वेगळी रिंग सुटी असते. ती कुठल्या बाजूने बसली होती याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा, नाहीतर बारा वाजताची खूण एकच्या दिशेला सरकते. रिकामी केस कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुता येते. बटणांच्या दांड्यांभोवती साचलेला घाम आणि मळ यातच सुटतो, आणि कॉपीतली बटणे अडकतात ती मुख्यतः या मळानेच. केस पूर्ण वाळेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये. तबकडी आणि काट्यांना मात्र पाणी, स्पिरिट, पॉलिश यांतले काहीच लावायचे नाही, कारण छपाई बोटाच्या दाबानेही निघते. रबरी फुंकणीने हवा मारावी, आणि उरलेला कण घड्याळवाल्यांकडच्या चिकट मेणासारख्या गोळीने टिपून घ्यावा. तोंडाने फुंकले तर थुंकीचे शिंतोडे बसतात. घड्याळ फार जुने असून आकडे हिरवट-तपकिरी झाले असतील तर तबकडी खरवडू नये, कारण त्या काळी अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरत.

जुनी काच आतून बाहेर ढकलून काढतात, अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने. काही केसमध्ये आधी काचेभोवतीची टॅकिमीटरची, म्हणजे वेग मोजण्याच्या आकड्यांची, कडी उचकटावी लागते. काच डिंकाने चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरची ऊब देऊन डिंक मऊ करता येतो. फुटलेल्या काचेचा भुगा खाचेत राहिला तर नवी काच वाकडी बसते, म्हणून लाकडी काडीने खाच फिरून साफ करावी.

नायलॉनच्या रिंगेवर बसणाऱ्या मिनरल ग्लाससाठी नवी रिंगच वापरावी. रिंग खाचेत, काच रिंगेवर, आणि हे सगळे छोट्या हातप्रेसच्या दोन डायमध्ये सरळ रेषेत ठेवायचे. खालची डाय केसच्या मागच्या कडेला आधार देणारी आणि वरची काचेच्या कडेवर दाब देणारी असावी. काच तिरकी असताना दाब दिला की ती कडेने चिरते, आणि नवशिक्यांच्या पहिल्या दोन-तीन काचा अशाच जातात. म्हणून सरावाला घरातल्या खणात पडलेले बंद घड्याळ घ्यावे. अॅक्रिलिकची रीत वेगळी आहे. पंजासारख्या हत्याराने काच कडेने आवळून लहान करतात आणि खाचेत सोडतात, की ती फुलून घट्ट बसते.

रिंगेऐवजी डिंकाची काच असेल तर अतिनील किरणांनी सुकणारा खास डिंक वापरावा. खाचेत सुईच्या टोकाने बारीक रेघ ओढून काच ठेवली आणि केस उन्हात धरली की तो काही मिनिटांत घट्ट होतो. उन्हाची कमतरता यवतमाळात भासत नाही! किराणा दुकानातला झटपट चिकटणारा सुपरग्लू मात्र वापरू नये. सुकताना त्यातून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या थराच्या रूपाने बसते, आणि मशीन आत असेल तर तबकडीवरही.

मशीन परत घालण्याआधी काचेची आतली बाजू मायक्रोफायबरने पुसून ती तिरप्या प्रकाशात पाहावी. बोटाचा ठसा उरला तर तो मग दर तासाला दिसत राहतो. मशीन आत गेल्यावर चावीचा दांडा हलके फिरवत ढकलला की खट्‌ आवाज होऊन बसतो. झाकण लावण्यापूर्वीच दोन्ही बटणे दाबून पाहावीत. मधला काटा सुरू होतो का, थांबतो का, परत नेमका बारावर येतो का, हे तपासावे. काटा बाराच्या एखादी रेघ अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर बहुतेक क्वार्ट्झ क्रोनोग्राफमध्ये चावी बाहेर ओढून बटणाने तो एकेक पायरी सरकवता येतो. मग झाकणाच्या रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा आणि झाकण दाबावे.

मागे ‘३ एटीएम’ किंवा ‘वॉटर रेझिस्टंट’ कोरलेले असले तरी घरी उघडलेली कॉपी पाण्यापासून सुरक्षित धरू नये. पाण्याचा रस्ता काचेतून जातो तितकाच दोन बटणांच्या दांड्यांजवळूनही जातो, आणि तिथल्या बारीक रिंगा कॉपीत कमअस्सलच असतात. पाण्यात बुडवून परीक्षा घेण्याची गरज नाही. घड्याळ हातात धरून चांगले कोमट होऊ द्यावे, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि मिनिटाभराने तो पुसावा. थेंबाच्या जागी काचेखाली धूसर ठिपका दिसला तर आत ओल राहिली आहे. तेव्हा मागचे झाकण काढून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवावे. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नये, कारण तांदळाची पावडर उघड्या मशीनमध्ये जाते.