वायफाय मंद? आधी दोष कुठे आहे ते तपासा

पैसे १०० एमबीपीएसचे, पण मुलांचा ऑनलाइन क्लास मध्येच अडकतो? आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा.

वेग पूर्ण मिळाला तर अडचण वायफायची. राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. सिडको-हडकोतील दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना अडवतात. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ निवडा. जाड भिंतींपलीकडे मात्र २.४च अधिक पोहोचते.

केबलवरही वेग कमीच असेल तर राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. फरक नसेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. डॉकेट क्रमांक व टेस्टचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. निवारण न झाल्यास ट्रायच्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.