पेरणाऱ्याचा दाखला आणि गॅलरीतील कुंडी

काही वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना पेरणाऱ्याचा दाखला सांगत होतो. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत, इथपर्यंत मी आलो तेव्हा दुसऱ्या इयत्तेतील एका मुलाने हात वर केला. “फादर, चांगली माती कशी ओळखायची?” मी उत्तर देऊ लागलो आणि माझ्या लक्षात आले की, समोर बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांनी बी रुजताना पाहिले होते. त्या मुलाचे आजोबा वाडीवाले होते. विहिरीचे पाणी पाटाने केळीच्या आळ्यात सोडण्यात त्यांचे आयुष्य गेले. नातू मात्र चौथ्या मजल्यावर वाढत होता.

हा केवळ एका कुटुंबाचा प्रश्न नाही. वसईच्या हरित पट्ट्यातील विहिरी, बावखले आणि केळीच्या बागा यांनी अनेक पिढ्या पोसल्या. बावखलात पावसाचे पाणी साठे, जमिनीत मुरे व आसपासच्या विहिरींना गोडे पाणी मिळे. समुद्राकाठच्या जमिनीतून गोडे पाणी बेसुमार उपसले, की खारे पाणी आत सरकते, हे आपल्या वाडवडिलांना अनुभवाने ठाऊक होते. जितके मुरते तितकेच उपसावे, हा त्यांचा हिशेब होता. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्याचे मर्म याहून वेगळे नाही. आपली गरज भागवताना पुढच्या पिढीचा वाटा शिल्लक ठेवणे म्हणजे शाश्वतता. वाडीतील मूल हे न शिकवता शिकत असे. इमारतीतील मुलाला ते हेतुपुरस्सर शिकवावे लागेल, आणि त्यासाठी गॅलरीतील चार कुंड्या पुरेशा आहेत.

चार भांड्यांचा दाखला

चार ते आठ वर्षांच्या मुलाला व्याख्या कळत नाही. डोळ्यांसमोर घडलेले कळते. म्हणून सुरुवात पेरणाऱ्याच्या दाखल्यानेच करावी. आइस्क्रीमचे रिकामे डबे घेऊन त्यांच्या तळाला भोके पाडावीत. पहिल्या डब्यात माती घट्ट चोपून भरावी. दुसऱ्यात खडे भरून वर मातीचा पातळ थर द्यावा. तिसऱ्यात गवत वाढलेली माती असावी. चौथ्यात दोन भाग माती व एक भाग कुजलेले खत मिसळावे. चारही डब्यांत एकाच दिवशी स्वयंपाकघरातील मेथीचे दाणे पेरावेत व सारखेच पाणी द्यावे.

मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते, म्हणून ती लहान मुलांच्या धीराला मानवते. खड्यांवरचे कोंब उगवतील, परंतु दोन दिवस ऊन लागताच माना टाकतील. चौथ्या डब्यातील मेथी महिन्याभरात खुडण्याजोगी होईल. चांगली माती कशी ओळखायची, याचे उत्तर मूल स्वतःच देईल. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात हा प्रयोग करणे उत्तम, कारण भर पावसात कोवळी रोपे कुजतात.

त्यानंतर धने पेरावेत. धन्याचा दाणा हलकेच रगडून त्याचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत. कोथिंबीर उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. ही प्रतीक्षा हाच धडा आहे. बटण दाबताच सर्व काही दिसण्याच्या युगात, मातीखाली काहीतरी घडत आहे यावर विश्वास ठेवून रोज पाणी घालणे ही मोठी साधना आहे.

कचरा नव्हे, उद्याची माती

भाजीची देठे व फळांच्या साली कुजवून खत करणे मुलांना फार आवडते. भोके पाडलेल्या बादलीत ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घालावा, आठवड्यातून एकदोनदा ढवळावे. दोन ते तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते. बादलीला दुर्गंधी आली तर ओलावा अधिक झाला असे समजून सुका पाला वाढवावा. मासळीचे काटे, मटण व शिजवलेले अन्न गॅलरीतील बादलीत घालू नये.

ओला व सुका कचरा वेगळा करणे 2016 च्या नियमांनी नागरिकांवर बंधनकारक केले. मुलाला नियम सांगण्यापेक्षा, त्याने टाकलेल्या केळ्याच्या सालीची माती झालेली त्याला दाखवावी. प्लास्टिकचा एक तुकडाही मुद्दाम त्याच बादलीत ठेवावा. तीन महिन्यांनी साल नाहीशी झालेली असेल, प्लास्टिक मात्र जसेच्या तसे! यापेक्षा प्रभावी प्रवचन मला अद्याप करता आलेले नाही.

पाणी आणि पाहुणे

कुंडीला पाणी घालण्यापूर्वी मुलाने बोट मातीत पेराएवढे खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. तांदूळ व डाळी धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे व मिठाचे नको. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे व ताटली घासावी, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. मातीत हात घातल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. कण्हेरीसारखी विषारी झाडे लहान मुलांच्या आवाक्यात ठेवू नयेत.

लिंबाचे वा कढीपत्त्याचे रोप असेल तर एके दिवशी त्यावर अळी दिसेल. सुरुवातीला ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि पाने फस्त करू लागते. आई म्हणते, चिरडून टाक. येथे पालकांनी क्षणभर थांबावे. ती पुढे फुलपाखरू होणार आहे. रोप मोठे असेल तर चार पाने गेल्याने ते मरत नाही. लहान असेल तर अळी दुसऱ्या झाडावर हलवता येते. काय करायचे ते मुलाला विचारावे. झाड आपले आहे, पण फक्त आपलेच नाही, हा विचार त्याच्या मनात बहुधा प्रथमच येईल.

बी राखून ठेवणे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. सगळी मेथी खुडू नये. दोन रोपे फुलू द्यावीत, शेंगा वाळू द्याव्यात आणि दाणे पुढील वर्षासाठी जपावेत. आपल्या आज्या वालाचे बियाणे राखेत घोळवून मडक्यात ठेवत असत. घरात कितीही चणचण असली तरी त्या बियाण्याला हात लागत नसे. ‘हे खायचे नाही, हे उद्याचे आहे’, असे मूल ज्या दिवशी स्वतः म्हणेल, त्या दिवशी त्याला शाश्वतता समजली.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पर्यावरणविषयक शिक्षणाचा विचार मांडताना पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, झाडे लावणे अशा लहान दैनंदिन कृतींना मोठे मोल दिले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातही परमेश्वराने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. मशागत आपण शिकलो. राखण मात्र विसरत चाललो आहोत.

मुंबई-ठाणे परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण साजरा करतो. भाताच्या लोंब्या वेदीपुढे आणल्या जातात. ज्यांची शेते उरली नाहीत, त्यांनी काय आणावे? माझे पालकांना नम्र सुचवणे आहे की, आपल्या मुलाने गॅलरीत वाढवलेली मेथीची जुडी आणावी. ती लहान असेल, कदाचित पाने किडकीही असतील. परंतु ती विकत घेतलेली नसेल, आणि ती आणणाऱ्या मुलाला चांगली माती कशी असते हे ठाऊक असेल.