‘कबूल आहे’ म्हणण्याआधी

पोळ्याच्या आगेमागे विदर्भात एक्का-बादशहाच्या डावांवर धाडी पडतात, यवतमाळ जिल्हाही त्याला अपवाद नाही. डावावरची रक्कम, बावन्न पत्ते, मोबाइल असा मुद्देमाल जप्त होतो आणि पुढे कोर्टाची तारीख लागते. तेव्हा गावातला प्रत्येक जाणता एकच सल्ला देतो : ‘कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो.’ मोहाच्या दारूच्या खटल्यातही हेच. त्यात अमेरिकी मालिकांतले सरकारी वकील आरोपीशी सौदा करताना दिसतात आणि भारतातही २००६पासून प्ली बार्गेनिंग आहे, हे कानावर आलेले असते. या साऱ्याची खिचडी होऊन काही गैरसमज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजेच प्ली बार्गेनिंग.

दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. साध्या कबुलीत कोणी कोणाला काहीच देत नाही. शिक्षा किती, हे सर्वस्वी न्यायाधीश ठरवतात. प्ली बार्गेनिंगमध्ये आरोपीने स्वतः शपथपत्रासह अर्ज करावा लागतो. न्यायाधीश त्याला बंद दालनात, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून, अर्ज स्वखुशीने केला का हे विचारतात. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित एकत्र बसतात आणि पीडिताच्या भरपाईसह तोडगा काढतात. फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद ५ जुलै २००६पासून लागू झाली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३००मध्ये आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत या वाटेने निकाली निघालेल्या खटल्यांचे प्रमाण एक टक्काही भरत नाही.

साध्या कबुलीला असे कवच नाही. तरी एक नियम आहे : आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. केळापूर-झरी भागातला कोलामी बोलणारा माणूस नुसता मान डोलावतो, तेव्हा त्याला नेमके काय कबूल आहे, हा प्रश्न याच नियमातून उभा राहतो. ‘मी तिथे बसलो होतो’ आणि ‘मी जुगार खेळत होतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज : दंड भरला की पाटी कोरी.

कबुली ही दोषसिद्धीच. पोलीस पडताळणीत ती पुढे येऊ शकते. कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध सहसा अपीलही करता येत नाही; फार तर शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता यावर दाद मागता येते. शिवाय त्याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेल्याला प्ली बार्गेनिंगचा अर्जच करता येत नाही. आजची घाईची कबुली उद्याची सवलत खाऊन टाकते.

गैरसमज : आपल्याकडेही अमेरिकेसारखी कलमांची घासाघीस चालते.

अमेरिकेत कोणते आरोप ठेवायचे, हे सरकारी वकील ठरवतो आणि अनेक राज्यांत तो निवडून येतो. केंटकी राज्यातल्या पॉल हेज याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट धनादेशाचा खटला होता. वकिलाने पाच वर्षांच्या शिक्षेचा प्रस्ताव ठेवला आणि तो नाकारलास तर सराईत गुन्हेगार म्हणून जन्मठेपेचा आरोप लावीन, असे बजावले. हेजने नकार दिला, त्याला जन्मठेप झाली. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले.

महाराष्ट्राने या पद्धतीची झळ वेगळ्या अंगाने सोसली. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने मार्च २०१०मध्ये शिकागोत बारा आरोप कबूल केले. बदल्यात फाशी टळली, भारतात पाठवणीही टळली. २०१३ साली पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली, तीही माफीचा साक्षीदार म्हणून, व्हिडिओवरून.

भारतीय कायद्यात आरोप कमी करण्याचा सौदा नाही. कलम तेच राहते, फक्त शिक्षा घटते. किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी. नसेल तर कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश. पहिलाच गुन्हा असेल तर अनुक्रमे एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे धरली, तर पहिल्यांदा सापडलेल्याच्या वाट्याला सहा महिने.

गैरसमज : कलमे ही पोलिसांची कागदोपत्री बाब; महत्त्वाचे काय ते कोर्टात ठरते.

सौद्याचे दार उघडे की बंद, हे बऱ्याचदा ठाण्यातच ठरते. धुऱ्याच्या वादात एकाने कुऱ्हाड उगारली आणि दुसऱ्याच्या हाताला लागली, असे समजू. जखम साधी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ११८(१), कमाल तीन वर्षे. अर्ज करता येतो. हाड मोडले तर ११८(२), शिक्षा जन्मठेपेपर्यंत, अर्ज नाही. फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ हे शब्द आले आणि कलम १०९ लागले तरीही नाही, कारण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ही सवलतच नाही. म्हणून सरकारी दवाखान्यातला जखमेचा दाखला इथे निर्णायक ठरतो. दोषारोप ठरवताना न्यायाधीश कलम बदलू शकतात, निकालाआधी केव्हाही बदलू शकतात. पण त्यासाठी कोणीतरी ते नेमके दाखवून द्यावे लागते.

गैरसमज : पैसेवाला कोणत्याही गुन्ह्यात सौदा करून सुटतो.

ही भीती निराधार नव्हती. महाराष्ट्रातल्या मुरलीधर मेघराज लोया खटल्यात, १९७६ साली, खाद्यतेलातल्या भेसळीच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा छुप्या तडजोडींवर कडक ताशेरे ओढले होते. म्हणून कायद्याने वगळण्याची यादी केली : महिला आणि मुलांविरुद्धचे गुन्हे, ॲट्रॉसिटी कायदा, हुंडाबंदी. टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाची शिकारही त्यातच. तिला कमाल सात वर्षे शिक्षा आहे, म्हणजे नुसत्या वर्षांच्या मर्यादेत ती बसली असती. २००६च्या अधिसूचनेने ती वाट बंद केली.

गैरसमज : निर्दोष माणूस कशाला कबूल करील?

अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी काहींनी आधी गुन्हा कबूल केला होता. आपल्याकडे जामीनदार न मिळालेला मजूर, कबूल केले तर भोगलेल्या दिवसांवर सुटका होईल, असा हिशेब करतो. त्याला क्वचितच कोणी सांगते की पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले वगळता, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार त्याला सुटकेचा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर पुरावाच नाही. २६/११च्या खटल्यात खुद्द कसाबने २० जुलै २००९ रोजी भर कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी न्या. ताहिलियानी यांनी खटला पुढे चालवलाच.

प्ली बार्गेनिंगचा अर्ज दोषारोप ठरल्यापासून तीस दिवसांत करावा लागतो आणि वाटाघाटींना साठ दिवस मिळतात. बोलणी फिसकटली तर तिथे केलेली विधाने आरोपीविरुद्ध वापरता येत नाहीत. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर फोन. वकील भेटला की पहिले तीन प्रश्न हेच : कलम कोणते, कमाल शिक्षा किती, आणि ते कलम लावण्याजोगा दाखला कागदपत्रांत आहे का.