बाटलीआधी बाळाकडे पाहा

पोळा सरतो, पांढुर्ण्याची गोटमार जत्रा होते आणि पावसाळा ओसरू लागतो. याच सुमारास जाम नदीच्या काठापासून सौंसरपर्यंत घरोघरी लहान लेकरांची नाकं वाहू लागतात. दरवर्षीचंच ते. 2025 साली मात्र याच दिवसांत शेजारच्या परासिया भागात सर्दी-तापाने आजारी असलेल्या मुलांची लघवी बंद व्हायला लागली. आईबापांनी त्यांना घेऊन नागपूर गाठलं, पण अनेकांची मूत्रपिंडं तोवर निकामी झाली होती. छिंदवाडा, बैतूल आणि पांढुर्णा या जिल्ह्यांतली मिळून वीसहून जास्त मुलं दगावली. त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती.

‘कोल्ड्रिफ’ नावाच्या सर्दी-खोकल्याच्या औषधावर संशय गेला. तामिळनाडूत तयार झालेल्या या औषधाची तिथल्याच सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे द्रव्य औषधात 0.1 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. ते कारखान्यांत वापरायचं द्रावक आहे. दिसायला रंगहीन, चवीला गोडसर, म्हणून औषधात मिसळलं तरी जिभेला कळत नाही. पोटात गेलं की मूत्रपिंडावर घाला घालतं. आपल्याकडे हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखात्याचा कारभार चव्हाट्यावर आणला. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष मुलांच्या चमच्यात यावं, याचा संताप आला पाहिजे. बाटलीत काय आहे हे पाहणं आईचं काम नाही. ते कारखान्याचं आणि सरकारचं काम आहे.

आईच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. त्या बाटलीची बाळाला गरज होती का, हा प्रश्न तिने विचारायचा. बाळाची साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि काही दिवसांत आपली आपण जाते. खोकल्याच्या औषधाने ती लवकर जात नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच बजावलं होतं. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध लिहून देऊ नये, आणि पाच वर्षांपर्यंतही ते सहसा टाळावं. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते पुरे. अंगावरचं दूध थोडं थोडं पण वारंवार पाजावं.

तापाच्या औषधातही एक धोका आहे. बाळाच्या पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला 125. म्हणजे थेंबांचं औषध चौपट तीव्र. थोरल्याची बाटली धाकट्याला किंवा शेजारणीच्या अंदाजाने चमचा, हे कधीच करू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसायचंच नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मग पाहायचं काय? सगळ्यात आधी श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेत याच प्रश्नावर काम केलं. गावातल्या सुइणींची नजर पक्की, पण पन्नास-साठपर्यंत मोजणं अनेकींना अवघड. त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनियाचा धोका. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या हाती निदान देणारी ही युक्ती मला मोठमोठ्या यंत्रांपेक्षा थोर वाटते. आकडे असे: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष 50 किंवा जास्त. बाळ शांत असताना, अंगरखा वर करून, पुरं एक मिनिट मोजायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला इकडे ‘पसली चालते’ म्हणतात, तर बाळाला लगेच दवाखान्यात हलवायचं.

दुसरं दूध. काल चुटूचुटू पिणारं बाळ आज ओढेनासं झालं, तर ते आजारी आहे असंच समजावं. तिसरी लघवी. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसात सहाएक वेळा तरी ओलं व्हायला हवं. चौथं अंग. तळपाय आणि पोट दोन्ही गार लागली तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं आणि तसंच दवाखान्यात न्यावं.

गडचिरोलीच्या गावांत प्रशिक्षित बाया घरी जाऊन बाळंतिणीला आणि बाळाला पाहू लागल्या, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं, आणि पुढे त्याच धर्तीवर देशभरात आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. ती झोळीत बाळाचं वजन करायला आली की दृष्ट लागेल म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

घरच्या रीतींत चांगलंही पुष्कळ आहे. सव्वा महिन्याचा आराम, हलक्या हाताची मालीश, आजीची मांडी. शेगडीचा धूर मात्र बाळाच्या छातीला बाधतो. काजळाने डोळे येऊ शकतात. नाळेवर हळद-तेल लावू नये, ती कोरडीच राहू द्यावी. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकणं म्हणजे बाळाची पहिली लसच फेकणं. मध चाटवायची हौस वर्षभर आवरावी, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी क्वचित का होईना, बाळ लुळं पडतं.

आणि संत्री. आपला मुलूख संत्र्यांचा, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कुणीतरी म्हणतं, ‘त्याले जरासा रस चाटव न व बाई.’ सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नको, मे महिन्याच्या उन्हातही नको, कारण आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. सहा महिन्यांनंतर साल-बी काढून कुस्करलेली फोड द्यावी, रस नको. जेवणाची सुरुवात मात्र अशी: घट्ट वरण, मऊ भात आणि वर तुपाची धार. वरणाचं नुसतं पाणी पाजून बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसरचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीत दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं मध्य प्रदेशात 43 होती, महाराष्ट्रात 16. ही पूर्ण राज्यांची सरासरी आहे, एका तालुक्याची नव्हे. तरी हद्दीवरच्या माणसाला ती बोचते, कारण सोयरीक दोन्हीकडे असते. सून वरूड-काटोलची, बाळंतपण माहेरी, मग बाळ तिसऱ्या महिन्यात पांढुर्ण्याला. या ये-जा करण्यातच लशी चुकतात. जन्मतःच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या फेऱ्या, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. लसीकरणाचं वेळापत्रक दोन्ही राज्यांत एकच आहे आणि सरकारी केंद्रात लस फुकट मिळते. म्हणून माहेरहून निघताना बाळाच्या कपड्यांबरोबर लसीचं कार्डही पिशवीत घ्यावं, आणि सासरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते आशाताईला दाखवावं. एखादी लस हुकली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिली तिथूनच पुढे देतात.