खडकाळ उतारावर लांब शॉकअपची सायकल

पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल म्हटली की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती कॉलेजच्या पोरांची ‘डबल शॉकअप’. दुकानदार सीट दाबून दाखवतो, ती खालीवर होते आणि सौदा ठरतो. या लेखातली सायकल ती नव्हे. इथे बोलायचे आहे ते खऱ्या डोंगरी सायकलबद्दल. तिची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि ती दगडगोट्यांचा उतार उतरण्यासाठीच घडवलेली असते. ती चालवताना नेमके काय वाटते आणि तसे का वाटते, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक शब्द समजून घ्या. खड्डा किंवा दगड आला की चाक आपल्या जागेवरून जास्तीत जास्त किती वर सरकू शकते, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. शर्यतीच्या हलक्या माउंटन बाईकला ते 100 ते 120 मिलिमीटर असते. लांब ट्रॅव्हलच्या सायकलला 150 ते 180 मिलिमीटर, म्हणजे सहा-सात इंच. चाकाखाली सहा इंचांचा गोटा आला तरी चाक वर उचलले जाते आणि आपण जवळजवळ होता तिथेच राहता. सगळी गंमत या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात. पहिली स्प्रिंग. चांगल्या सायकलमध्ये ती बहुधा लोखंडाची नसून कोंडलेल्या हवेची असते. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे डॅम्पर. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि स्प्रिंगची उसळी मुरते. कार्यालयाच्या दाराला वर लावलेला क्लोजर दार आपटू न देता हळूच मिटवतो, तेच काम इथे होते. स्वस्त डबल शॉकअपमध्ये स्प्रिंग असते, डॅम्पर नावालाच असतो किंवा नसतोच. म्हणून ती खड्ड्यानंतरही उसळत राहते आणि पायडल मारताना बरीच ताकद खाऊन टाकते.

आता सायकलवर बसा. बसताक्षणी ती आपल्या वजनाने थोडी खाली जाते. नव्या माणसाला वाटते, हवा कमी आहे. तसे नाही, ती खाली जायलाच हवी. या बसण्याला सॅग म्हणतात. चाकाला नुसते वर जाऊन भागत नाही, पुढे खळगा आला तर त्याला खाली उतरून जमीन धरावी लागते. आधीच थोडे दबलेले चाकच खाली उतरू शकते.

सॅग मोजणे सोपे आहे. सायकल भिंतीला टेकवा. हेल्मेट, पाण्याची पिशवी, बूट असे जसे निघणार तशाच तयारीने बसा. मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी असते, ती सीलला भिडवा, झटका न देता उतरा आणि कडी किती सरकली ते पट्टीने मोजा. दांडा एकूण 60 मिलिमीटर आत जाणारा असेल तर कडी 17-18 मिलिमीटरवर यावी, म्हणजे साधारण 30 टक्के. पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, 160 मिलिमीटरचा असेल तर 32 ते 40 मिलिमीटर पुरे. पुढचे माप मात्र पायडलवर उभे राहून घ्या.

बहुतेकांचे इथेच बिनसते. साठ किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा गृहस्थ एकाच हवेवर एकच सायकल चालवतात आणि दोघेही म्हणतात, यात काही विशेष नाही. कमी हवेवर सायकल प्रत्येक दगडाला तळाशी आपटते. जास्त हवेवर ती साध्या सायकलसारखी ठणठण करते आणि वर तिचे वजन पंधरा-सोळा किलो. महागातला महाग शॉक असा वाया जातो.

दुसरी चूक खास आपल्याकडची. शॉकचा व्हॉल्व्ह मोटारीच्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो, म्हणून मंडळी सायकल थेट पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसर लावतात. तसे करू नका. मागचा शॉक 60 मिलिमीटर सरकतो तेव्हा चाक 160 मिलिमीटर सरकते, म्हणजे तरफेमुळे शॉकवर चाकाच्या पावणेतीन पट भार येतो. त्यामुळे तिथे दीडशे ते अडीचशे पीएसआय दाब लागतो, तर टायरमध्ये जेमतेम पंचवीस. शिवाय शॉकमधली जागा इतकीशी असते की कॉम्प्रेसरच्या एका फुसकाऱ्याने सगळे गणित फिरते. त्यासाठी हाताने मारायचा छोटा शॉक पंप मिळतो, तोच वापरा.

वऱ्हाडात आणखी एक भान ठेवावे लागते, ते उन्हाचे. डिसेंबरच्या पहाटे 15 अंशांवर 180 पीएसआय भरलेला शॉक मे महिन्यात अकोल्याच्या 42 अंशांत तसाच ठेवला, तर आतला दाब जवळपास 200 वर जातो. सायकल अचानक कडक का वाटते, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. ऋतू बदलला की सॅग पुन्हा मोजा.

हवा जमली की रिबाउंड पाहा. रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग. तो कमीजास्त करायला बहुधा लाल रंगाची छोटी फिरकी असते. सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून सावकाश खाली उतरा. सायकल दबून एकदाच वर यावी आणि स्थिर व्हावी. दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड फार जलद आहे. अशी सायकल उतारावर घोड्यासारखी मागून फेकते. उलट तो फार मंद ठेवला तर पहिल्या दगडाने दबलेले चाक दुसरा दगड येईपर्यंत वर आलेलेच नसते. चार-पाच दगडांत सगळी ट्रॅव्हल संपते आणि शेवटी सायकल दगडासारखी घट्ट होते. चालवणारा म्हणतो, शॉक कडक आहे, आणि हवा कमी करतो. आजार एक, औषध दुसरे.

आता सपाट रस्ता. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीजचा विक्रम झाला. त्या रस्त्यावर ही सायकल अगदीच जड वाटते. रुंद टायर डांबराला चिकटल्यासारखे घोंघावतात, पायडलच्या प्रत्येक दाबाला मागचा भाग किंचित दबतो. या डुलण्याला पेडल बॉब म्हणतात. शॉकवर एक छोटी कळ असते, ती फिरवली की डॅम्परमधला तेलाचा मार्ग आवळला जातो आणि डुलणे थांबते. उतार सुरू होण्याआधी ती कळ परत मोकळी करायला विसरू नका. कित्येक जण अख्खा उतार बंद शॉकवर उतरतात आणि हात का भरून आले म्हणून विचारतात.

चढावर, म्हणजे परतवाड्याहून सुमारे 1,100 मीटर उंचीच्या चिखलदऱ्याकडे निघाल्यावर, संयम लागतो. सर्वांत हलका गिअर, बसूनच पायडल, घाई नाही. हळू वेगात हँडल डावी-उजवीकडे कलंडू पाहते, कारण पुढचा फोर्क उताराच्या सोयीसाठी बराच पुढे तिरपा काढलेला असतो. दुकानाच्या दारात एक चक्कर मारून सायकल नापसंत करणारे याच कलंडण्याला फसतात. वेग येताच ते जाते.

चढावरही एक सुख आहे. रस्ता सोडून मुरमाड वाटेला लागलात की साध्या सायकलचे मागचे चाक गोट्यावर उडून हवेत गरकन फिरते. इथे ते गोट्याच्या अंगाने वर जाते, खाली येते आणि जमीन सोडत नाही. दम लागतो, पण पकड सुटत नाही.

उतारापूर्वी थांबा आणि सीट खाली करा. या सायकलींना हँडलजवळ एक खटका असतो. तो दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते. मग पायडलवर उभे राहा, दोन्ही पायडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर आणि वाकलेले, ब्रेकवर फक्त एक बोट, नजर चाकापुढे नव्हे तर पाच-सात मीटर पुढे. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे भीतीने मागे सरकणे. मागे गेलात की पुढच्या चाकावरचा भार जातो, भार गेला की पकड जाते आणि हँडल ऐकेनासे होते. छाती हँडलच्या वर ठेवा. पुढचे चाक आपल्या वजनावरच चालते.

आता सोडा. पहिल्या काही मीटरांत नवल वाटते ते आवाजाचे. खाली गोटे खडखडतात, साखळी सपासप वाजते, चाके डोळ्यांदेखत वरखाली पळतात, पण हातांपर्यंत पोहोचते ती फक्त एक मंद थरथर. बारीक खडी तर जाणवतही नाही. मुठीएवढे दगड टायर आणि शॉक मिळून गिळतात. डोक्याएवढा गोटा आला की आधी पुढचे चाक दबते, मग मागचे, आणि आपण दोन सावकाश लाटांवरून गेल्यासारखे पुढे निघता. साध्या सायकलवर ज्या वाटेने दगड चुकवत जावे लागले असते, तिथे ही सरळ जाते. गोंधळ वाटला तर ब्रेक आवळण्यापेक्षा हात सैल सोडणे बहुधा बरे. आपले गुडघे-कोपर हा तिसरा शॉकअप आहे, आणि तो ताठ केला तर उरलेले दोन पुरे पडत नाहीत.

एका गोष्टीची मात्र खरी काळजी वाटते. धक्के जाणवत नाहीत म्हणून वेगही जाणवत नाही. साधी सायकल हात दुखवून सांगते की फार झाले. ही सांगत नाही. मग वळण येते आणि लक्षात येते की आपण दुप्पट वेगात आहोत. मेळघाटाच्या कडेच्या रस्त्यांवर कोरकू गावांतली माणसे डोक्यावर मोळ्या घेऊन चाललेली असतात, शेळ्या मधेच उतरतात, वळणापलीकडून पर्यटकांच्या गाड्या येतात. जिथवरचे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, असाच वेग ठेवा.

ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवरच लावा. जोरात लावला की फोर्क दबतो, सायकल नाकावर येते आणि त्याच क्षणी वळवली तर पुढचे चाक घसरते. लांब घाटात ब्रेक सतत ओढून धरू नका, डिस्क तापून पकड मंदावते. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातल्या डोंगरावर जुन्या सायकलींची पहिली रिपॅक शर्यत झाली, तेव्हा मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि उतरल्यावर ते नव्याने भरावे लागे. आज हायड्रॉलिक डिस्क आहेत, पण उष्णता तीच. लावा, सोडा, पुन्हा लावा.

जायचे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. मेळघाट हा 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि अकोटजवळचे नरनाळा अभयारण्यही त्यातच येते. वनविभागाच्या परवानगीशिवाय जंगलातल्या वाटांवर सायकल घालू नका. वाट कितीही मोहात पाडो, तो गुन्हा आहे, आणि तिथल्या जनावरांना त्रास आहे. सरावासाठी गावाजवळच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, मुरमाड टेकड्या आणि पांदण रस्ते भरपूर आहेत. शेतातून जायचे तर धुऱ्यावरून, तेही मालकाला विचारून.

पांदणीचीही तऱ्हा ओळखून ठेवा. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधे इतकी भरते की चाक फिरतच नाही. तिथे ट्रॅव्हल कितीही असो, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमिनीला भेगा पडतात, त्या नेहमी आडव्या ओलांडा. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारे द्रव, हवेच. उन्हात ते लवकर सुकते, म्हणून दोन महिन्यांनी तपासा.

घरी आल्यावर शॉकचे चकचकीत दांडे मऊ फडक्याने पुसा. त्यांना साखळीचे तेल लावू नका, धूळ चिकटून सील कापले जाते. गाड्या धुण्याच्या सेंटरवर जोराच्या फवाऱ्याखाली तर अजिबात धरू नका, पाणी सांध्यांच्या बेअरिंगमध्ये शिरते. साधी बादली आणि ब्रश पुरे. फोर्कच्या खालच्या नळ्यांतले तेल साधारण 50 तासांच्या वापरानंतर बदलावे असे अनेक कंपन्या सांगतात. आपल्या धुळीत तो आकडा हलक्यात घेऊ नका.

आता घ्यावी की नाही? आपले सायकलिंग बहुतांश डांबरावर असेल, तर फक्त पुढे 100-120 मिलिमीटरचा चांगला फोर्क असलेली सायकल हलकी, स्वस्त आणि अधिक आनंदाची ठरेल. आठवड्याला खडकाळ उतार उतरायचा असेल, तर लांब ट्रॅव्हलला पर्याय नाही. आधी कुणाची तरी मागून घ्या, आपल्या वजनाला सॅग लावून एक उतार उतरा आणि मग ठरवा. घेतलीत तर शॉक पंप त्याच दिवशी घ्या.